एक उल्लेख कमी

आमच्या बिल्डिंगचा रखवालदार मला हल्ली 'सात' म्हणतो. तोंडावर नाही, तोंडावर अजून 'सर'च म्हणतो. पण परवा एक पार्सलवाला आला तेव्हा हा जिन्यातून वर ओरडून त्याला सांगत होता, "तिसऱ्या मजल्यावर जा, ते सात आहेत ना, त्यांचं आहे!" आणि तो पार्सलवाला एक शब्दही न विचारता थेट माझ्या दारात हजर झाला. माझ्या फ्लॅटचा नंबर बारा आहे.

आता एका सभ्य, सुशिक्षित, वेळेवर मेंटेनन्स भरणाऱ्या माणसावर ही पाळी का यावी? त्याचं मूळ कॉलेजातल्या एका भिंतीत आहे. ती भिंत आधी सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्याबद्दल तुमचं मत उगाच वाईट व्हायचं.

कॉलेजच्या तळमजल्यावर, बोळाच्या अगदी शेवटी, माझी एक खोली आहे. शेजारी सगळ्या स्टाफचा मिळून एक संडास. त्याची आतली कडी गेली काही वर्षं 'मागवलेली' आहे. ती येईपर्यंत आत बसलेल्याने दार पायाने दाबून धरायचं आणि बाहेरच्याने खोकायचं, अशी पद्धत आहे. कोणी मुद्दाम येईल अशी ती जागा नव्हे, म्हणूनच ती खोली इतकी वर्षं माझ्याकडे राहिली. तिची मागची भिंत ओली आहे. उन्हाळ्यातही ओली. त्या ओलीवर शेवाळ आहे, आणि ते शेवाळ म्हणजे माझं संशोधन. लोक हसतात. हसू देत. शेवाळ भिंत खातं असं सगळं जग मानतं. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर ते उलट भिंतीला सांभाळतं असं मी एकटा म्हणतो. शिवाय हे शेवाळ इतकं तजेलदार, की नुसत्या पाण्यावर ते असं बाळसं धरणं शक्य नाही. हे पोषण येतं कुठून, हा प्रश्न मी माझ्या लेखाच्या शेवटी 'पुढील संशोधनासाठी मोकळा' ठेवला होता.

दरवर्षी कॉलेजचा प्लंबर ती गळती काढायला येतो आणि दरवर्षी मी त्याला चहा पाजून परत पाठवतो. गळती टिकावी म्हणून धडपडणारा गृहस्थ त्याने माझ्याआधी पाहिला नव्हता. पहिल्या वर्षी तो माझ्याकडे संशयाने बघायचा; आता दार उघडल्या उघडल्या "साखर कमी" एवढंच म्हणतो.

तर, नवीन प्राचार्य आले आणि त्यांनी एक परिपत्रक काढलं. 'संशोधन मोजणी कक्ष' स्थापन होणार, त्यात प्रत्येकाचं संशोधन मोजलं जाणार, आणि ज्याचा निर्देशांक आठ किंवा अधिक असेल त्यालाच स्वतंत्र खोली मिळणार. बाकीच्यांच्या खोल्या काढून घेणार. सत्र संपताना समिती बसेल. आणि खाली बारीक अक्षरात: मोजणी कक्षासाठी तळमजल्यावरची, बोळाच्या शेवटची खोली विचाराधीन आहे. म्हणजे माझं संशोधन मोजण्यासाठी जागा हवी म्हणून माझं संशोधन भिंतीवरून खरवडून काढायचं, असा तो बेत होता.

हा निर्देशांक काय असतो, ते मी बायकोला जसं समजावलं तसंच तुम्हाला सांगतो. निर्देशांक आठ म्हणजे तुमचे निदान आठ लेख असे हवेत, की त्यातल्या प्रत्येकाचा निदान आठ लेखांत कुणी ना कुणी उल्लेख केलाय. लेख बरोबर की चूक, कोणी वाचला की नुसता यादीत टाकला, हे यंत्र विचारत नाही. ते फक्त मोजतं.

ग्रंथपालबाईंनी त्यांच्या कॉम्प्युटरवर माझं नाव घातलं. स्क्रीन माझ्यापासून थोडा वळवून घेतला. मग रिपोर्ट हातात असलेल्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही बसता का जरा?"

"किती?"

"सात. अगदी थोडक्यात राहिलंय हो! सात लेख व्यवस्थित आहेत. आठवा म्हणजे तुमचा तो भिंतीवरचा. त्याला सातच उल्लेख आहेत. एक उल्लेख कमी."

ज्या भिंतीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्याच लेखाला एक उल्लेख कमी पडावा! 

"आणि सर," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "सहकार्याचा एक रकाना आहे. तुमचा रिकामाच दिसतोय. तुम्ही कोणाबरोबर कधीच काही लिहिलं नाहीत?"

"नाही."

"का हो?"

"कोणी विचारलं नाही," मी म्हटलं. हे उत्तर मी हसून दिलं, पण जिना उतरताना ते माझ्याबरोबर खाली आलं.

प्राचार्यांना भेटलो. त्यांचं दालन पहिल्या मजल्यावर, प्रशस्त, वातानुकूलित, आत त्यांचं स्वतःचं स्वच्छतागृह. त्यांनी मला शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमच्या भावना मला समजतात. पण भावनांचा निर्देशांक किती?" मी आभार मानून बाहेर आलो. कशाचे आभार मानले ते मला बोळाच्या टोकापर्यंत आठवेना.

बायको विमा कंपनीत दावे तपासते. त्यामुळे घरात मी केलेलं कुठलंही विधान ती आधी दावा म्हणूनच ऐकते. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे जगातल्या एका माणसाने एकदा तुमचं नाव घेतलं की झालं?"

"लेखात. छापून."

"मग सांगा ना कोणालातरी."

"असं सांगायचं नसतं. ते आपोआप व्हावं लागतं."

"इतक्या वर्षांत किती झालं आपोआप?"

मी पेपर डोळ्यांसमोर धरला.

इथे मी एक चूक केली. ही काळजी मी खालच्या मजल्यावरच्या ऑडिटर काकांना बोलून दाखवली. काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून लिफ्टमध्ये शिरताना किती माणसं आहेत ते मोजतात. ते एकदम खुलले. "सोपं आहे! तुम्हीच दुसरा लेख लिहा, त्यात तुमच्याच पहिल्या लेखाचा उल्लेख करा. या खात्यातून त्या खात्यात. कुणाच्या बापाचं काय जातं?"

मी त्यांना परिपत्रकातलं कलम नऊ दाखवलं: ज्या लेखाच्या लेखकांत तुमचं स्वतःचं नाव आहे, त्या लेखातला तुमचा उल्लेख धरला जाणार नाही. काकांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. चेहऱ्यावर माझ्याबद्दलचं दुःख कुठेच दिसेना. "कलम फार सुंदर लिहिलंय," ते म्हणाले. "फट नाही ठेवली मेल्यांनी."

काकांनी हे समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. डॉक्टरीणबाई मनाने फार चांगल्या. त्या म्हणाल्या, "सर, दातांवर पण थरच साचतो. तिथेही ओल असतेच. आमच्या पेशंटसाठी मी एक पत्रक काढते, त्यात टाकते की तुमचं नाव!" त्यांनी खरंच टाकलं. 'दात घासले नाहीत तर काय होतं' या मजकुराखाली माझं नाव, पदवीसकट. यंत्र पेशंटांची पत्रकं मोजत नाही हे पुढे कळलं. पण तोवर बाई खुर्चीतल्या प्रत्येक पेशंटला माझी गोष्ट सांगून मोकळ्या झाल्या होत्या. तोंडात यंत्र घातलेला माणूस मध्येच थांबवू शकत नाही, त्यामुळे सगळ्यांनी ती संपूर्ण ऐकली. या धांदलीच्या आधी अख्खी बिल्डिंग मला मोठा संशोधक समजत होती. माझा नेमका आकडा कोणालाच ठाऊक नव्हता, आणि मला तरी कुठे होता? आता लिफ्टमध्ये अनोळखी माणसं विचारू लागली, "झाले का आठ?" एका बाईंनी तर माझ्या बायकोला धीर दिला, की त्यांच्या दिरांचंही असंच होतं, पण गोळ्यांनी उतरलं.

मग मी जुन्या विद्यार्थ्यांना फोन करायला घेतले. थेट मागायचं नाही, हा माझा बाणा. नुसती आठवण करून द्यायची. "काय, कसं चाललंय? काही लिहितोस की नाही? आपली ती भिंत आठवते ना? बरीच प्रसिद्ध झालीये हं ती आता." एवढं बोलून मी थांबायचो आणि पलीकडेही शांतता पसरायची. वर्षानुवर्षं ज्या माणसाने फोन केला नाही तो अचानक भिंतीविषयी हळव्या आवाजात बोलतो आणि गप्प होतो, याचा अर्थ त्यांनी आपापसात विचारविनिमय करून काढला. पुढच्या रविवारी तिघंजण फळं घेऊन मला बघायला आले. एकाने माझा हात हातात घेऊन, "सर, काही राहिलं असेल तर सांगा," असंही म्हटलं. मी सांगितलं नाही. बायकोने फळं कापून त्यांनाच खायला दिली.

दिवस जात होते आणि मी रोज सकाळी दात घासायच्या आधी कॉम्प्युटर उघडून बघत होतो. सात. माझी झोप उडाली. वर्गात फळ्यावर आठ लिहायची वेळ आली की हात अडखळायचा. खोलीत जाऊन भिंतीवर पाण्याचा फवारा मारताना वाटायचं, हिला काहीच कल्पना नाही. वेडगळपणा आहे, भिंतीला कसली कल्पना असणार! पण वाटायचं खरं.

अशातच एका रविवारी दुपारी एका संशोधन मासिकाची ईमेल आली. एक लेख छापण्याजोगा आहे की नाही, हे परीक्षक म्हणून मी कळवावं. या कामात लेखक कोण ते परीक्षकाला सांगत नाहीत आणि परीक्षक कोण ते लेखकाला. पैसे मिळत नाहीत, मान मिळतो, तोही निनावी. तरी मला फार बरं वाटलं. लेख होता भिंतींना लावायच्या रंगाच्या थरांविषयी. मी आधी शेवटचं पान उघडलं. हे सगळे संशोधक करतात, कबूल कोणी करत नाही. संदर्भांच्या यादीत आधी स्वतःचं नाव शोधायचं असतं.

आणि ते होतं! संदर्भ क्रमांक एकोणतीस. मी, आणि माझी भिंत.

मी उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. हा लेख छापून आला की आठवा उल्लेख. आठवा उल्लेख की निर्देशांक आठ. निर्देशांक आठ की खोली माझी. मला फक्त 'स्वीकारावा' या चौकटीत खूण करायची होती. लेखाचा दर्जाही ठीकठाक होता, तेव्हा सदसद्विवेकबुद्धीला विशेष त्रास नव्हता. खूण करण्यापूर्वी, केवळ आनंद दोनदा घ्यावा म्हणून, माझा उल्लेख नेमका कुठे केलाय ते मी शोधलं.

तिथे लिहिलं होतं: 'शेवाळामुळे भिंतीची हानी होते, हे सिद्ध झालेलं आहे (२९).'

मी काय लिहिलं होतं? हानी होत नाही! अख्खा लेख तेवढं एकच सांगण्यासाठी! वाचकहो, माणूस शिवी सहन करतो, दुर्लक्ष सहन करतो, पण आपल्याच तोंडी आपल्या विरुद्धचं वाक्य? मी म्हटलं, एक छोटीशी दुरुस्ती सुचवू. मग दुसरी सुचली. दुसरीवरून तिसरी. चौथ्या मुद्द्यात मी विचारलं की भिंतीत ओल येते कुठून, हे शोधण्याचे कष्ट लेखकाने घेतले आहेत काय? आता, हे कष्ट मीही कधी घेतले नव्हते. पण परीक्षकाला कोणी उलट विचारत नाही, हेच तर त्या पदाचं सुख. अभिप्राय चांगला चार पानी झाला. शेवटी माझं आवडतं वाक्य घातलं, 'अर्धं वाचून पूर्ण लिहू नये', 'नाकारावा' या चौकटीत खूण केली आणि धाडकन पाठवून दिलं. छाती कशी भरून आली होती!

मग ती रिकामी झाली.

बायको झोपून उठली तेव्हा मी सोफ्यावर डोकं धरून बसलो होतो. तिला सांगितलं. तिने शांतपणे केस बांधले आणि म्हणाली, "म्हणजे इतक्या दिवसांत एकच गिऱ्हाईक दुकानात आलं, आणि तुम्ही त्याला हाकलून दिलंत."

"तत्त्वाचा प्रश्न होता."

"दावा फेटाळला," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

आठवड्याभराने दाराची बेल वाजली. दारात शंका उभी होती. शंका हे तिचं वर्गातलं नाव. मी फळ्याकडे वळलो की हिचा हात वर. आता ती एका रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळा सांभाळते. हातात कागदांची चळत होती आणि चेहरा लालबुंद.

"सर, तुमचा फोन आला होता ना, तेव्हा तुमच्या आवाजावरून मला वाटलं, सरांना बरं वाटेल असं काहीतरी करावं. म्हणून घाईघाईने माझ्या लेखात तुमचा उल्लेख घातला. आणि हे बघा! कोण गाढव परीक्षक मिळालाय, चार पानं माझी सालटं काढलीत!"

स्वयंपाकघरात बायकोला ठसका लागला.

मी ती चार पानं हातात घेतली आणि पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा चेहरा केला. हे फार अवघड आहे. एकदोन ठिकाणी वाक्यरचना आवडून माझी मान डोलली. "कडक आहे माणूस," मी म्हणालो. "पण मुद्देसूद."

"मुद्देसूद? सर, कोणीतरी जन्मात कधी कोणाला भेटत नसेल, एकटाच बसत असेल, त्याशिवाय माणूस इतकं कडवट लिहीत नाही." तिने कागद परत घेतले. "संपादकांनी लगेच नाकारला नाही. दुरुस्त करून द्या म्हणालेत. परीक्षकाच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचंय. तुम्ही मदत कराल?"

अशा रीतीने, माझ्याच आक्षेपांना उत्तरं देण्याच्या कामावर मी रुजू झालो. खोटं कशाला बोलू, काही आक्षेपांना उत्तर सापडेना तेव्हा मलाही त्या परीक्षकाचा राग आला.

पण तिला भिंत दाखवली आणि सगळं बदललं. रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की ती थेट खोलीवर यायची. गिलाव्याचे तुकडे काढायचे, वजन करायचं, शेवाळाखालचा भाग आणि उघडा भाग ताडून बघायचा. तिने शंका काढायची, मी चिडायचं, मग दोघांनी मोजायचं, आणि निम्म्या वेळा तिचं बरोबर निघायचं. जुन्या चुन्यावर शेवाळ भिंत सांभाळतं, हे माझं खरं ठरलं. पण वर रंगाचा थर दिला की तेच शेवाळ पोटात ओल धरून भिंत फोडतं, हे तिचं खरं ठरलं. मला वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी घरी जाताना शीळ घालत होतो, असं बायकोचं म्हणणं आहे.

चौथा मुद्दा मात्र छळत होता: ओल येते कुठून? आम्ही रंगीत पाणी करून सोडून पाहिलं. गच्चीवरच्या टाकीत निळं, स्टाफच्या संडासात लाल. टाकी निळी केल्यावर दिवसभर कॉलेजने निळं पाणी प्यायलं आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला. भिंतीवर ना निळं उतरलं ना लाल. उरली एकच जागा: वर, प्राचार्यांचं स्वच्छतागृह. त्याची पाण्याची टाकीही वेगळी. तिथे रंगाची बाटली घेऊन जायची परवानगी मागणारा अर्ज मी तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. शेवटी शंकाने लेखात लिहिलं, 'ओलीचा एक संभाव्य उगम प्रशासकीय कारणास्तव तपासता आला नाही.' मला ते वाक्य फार आवडलं.

सुधारलेला लेख मासिकाकडे गेला आणि अर्थातच पुन्हा माझ्याकडेच आला. आता लपवणं शक्य नव्हतं. मी संपादकांना कळवलं, की लेखिका माझ्या ओळखीची आहे, तिला मदतही केली आहे, तेव्हा दुसऱ्या कोणाला विचारा. त्यांचं उत्तर आलं: ओळख नोंदवून घेतली आहे, तरीही मत द्या, या विषयावर काही वाचलेला दुसरा माणूस आम्हाला सापडत नाही. या वाक्याने मी दोन दिवस उदास होतो. मग 'स्वीकारावा' या चौकटीत खूण केली.

लेख समितीच्या आदल्या आठवड्यात प्रसिद्ध झाला. मी धावत ग्रंथपालबाईंकडे गेलो. त्यांनी माझं नाव घातलं आणि स्क्रीन पुन्हा वळवून घेतला. तो वळताना बघूनच मी न सांगता खुर्ची ओढून बसलो.

"उल्लेख आलाय सर, पण यंत्राने तो वगळला. 'लेखकाचा स्वतःचाच उल्लेख' म्हणतंय."

"माझा कसा? लेख तिचा आहे!"

बाईंनी स्क्रीन माझ्याकडे फिरवला. लेखाच्या माथ्यावर दोन नावं होती. पहिलं शंकाचं. दुसरं माझं.

कलम नऊ. फट नाही ठेवली मेल्यांनी.

शिवाय आपणच लिहिलेला लेख आपणच तपासून पास केला, हे वेगळंच. मी तिथूनच घाबरत घाबरत संपादकांना सगळं कळवलं. त्यांचं एका ओळीत उत्तर आलं: 'आपला पहिला अभिप्राय आमच्या दफ्तरी आहे. तो वाचल्यावर आपण स्वतःवर मेहेरबानी केली, असा आरोप कोणीही करणार नाही.'

संध्याकाळी शंका खोलीवर आली ती पेढ्याचा डबा उघडावा तशा थाटात मासिक उघडत. "सर, सरप्राईज! छापायला जाता जाता घातलं तुमचं नाव!" मग माझा चेहरा बघून थांबली. मी तिला कलम नऊ सांगितलं. ती मटकन खुर्चीत बसली.

"काढते, सर. आत्ता. मासिकाला पत्र लिहिते, नाव चुकून पडलं म्हणून. दोन दिवसांत दुरुस्ती छापतील. तुमची खोली वाचेल."

मार्ग सरळ होता. एक नाव खोडायचं, एक उल्लेख मिळवायचा. मी भिंतीकडे पाहिलं. मग त्या पानाकडे. इतकी वर्षं लिहितोय, पण माझ्या नावाशेजारी दुसरं नाव मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यामध्ये एक छोटासा 'आणि' होता. तो 'आणि' काढायचा?

"राहू दे," मी म्हटलं. "काम दोघांनी केलंय. आणि हे बघ, तुला एक सांगायचंय. तो परीक्षक... तो गाढव..."

"तुम्ही होतात. माहीत होतं, सर."

"कधीपासून?"

"'अर्धं वाचून पूर्ण लिहू नये.' माझ्या प्रत्येक वहीवर लाल शाईने लिहायचात. जगात दुसरा कोण लिहिणार? म्हणून तर तुमच्याकडे आले."

"मग माझ्या तोंडावर गाढव म्हणालीस ते?"

"ते मनापासून होतं, सर."

समिती बसली. प्राचार्यांनी यादी वाचली, माझ्या नावाशी थांबले, "सात," म्हणाले आणि खेद व्यक्त केला. मी खिशातून खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. सहकार्याच्या रकान्यात आता एक आहे, असं सांगावंसं वाटलं. पण त्या रकान्याला खोली मिळत नव्हती.

मोजणी कक्षाचे कॉम्प्युटर यायच्या आधी भिंत कोरडी करायची म्हणून प्राचार्य स्वतः प्लंबरला घेऊन खाली आले. मीही गेलो; निरोप घ्यायला. प्लंबरने माझ्याकडे पाहिलं, चहा दिसेना म्हणून नाइलाजाने कामाला लागला. भिंत ठोकली, वर छताकडे पाहिलं.

"वरून आहे, साहेब. वर काय येतं?"

प्राचार्यांनी छताकडे पाहिलं आणि मनातल्या मनात आपल्या दालनाचा नकाशा जुळवला असावा, कारण त्यांच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

"वरच्या संडासाची फरशी पूर्ण फोडावी लागेल," प्लंबर म्हणाला. "पाइप जुना आहे, सहज महिनाभर लागेल. फुटलीच नीट तर. कधी कधी दोन महिने."

"तोपर्यंत मी कुठे...?"

"हा आहे की शेजारी. सगळ्यांचा."

आम्ही सगळ्यांनी शेजारच्या दाराकडे पाहिलं. नेमकं त्याच वेळी आतून कोणीतरी पायाने दार दाबून धरलं आणि बाहेर एकजण खोकला.

प्राचार्य भिंतीजवळ गेले. मग त्यांनी हलक्या हाताने शेवाळाला स्पर्श केला आणि बोट हळूच रुमालाला पुसलं. "अशा भिंती आता राहिल्यात कुठे?" ते म्हणाले. "सर, हा आपल्या कॉलेजचा ठेवा आहे. इथे आकड्याकडे बघून चालणार नाही." किल्ली त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली. मोजणी कक्ष वाचनालयाच्या कोपऱ्यात गेला, आणि ओलीला हात लावू नये असं नवीन परिपत्रक निघालं. ऑडिटर काकांनी ते वाचून त्यात तीन फटी दाखवल्या.

परवा मी खोलीत बसलो असताना शंकाचा फोन आला. "सर, शेवाळ एवढं तजेलदार का, याचं उत्तर मिळालं की आपल्याला! पाणी कुठून येतं ते कळलं, म्हणजे पोषण कुठून येतं तेही कळलं. लिहूया? धमाल उडेल. आठच काय, ऐंशी उल्लेख होतील."

खोट्या नम्रतेने बोलत नाही: ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं संशोधन आहे. मी भिंतीकडे पाहिलं. हिरवीगार, ओलीचिंब, माझी.

"नको," मी म्हटलं. "तो प्रश्न पुढील संशोधनासाठी मोकळाच असू दे."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर संडासाची साखळी ओढल्याचा आवाज झाला, आणि मी नकळत अदबीने उठून उभा राहिलो.